खात्रीची चिन्हं

"…आणि जे पाठवणाऱ्यालाही ठाऊक, ऐकणाऱ्यालाही ठाऊक, तेच पुन्हा पुन्हा पाठवायचं कशासाठी, सर?"

घोलपसर अंगणात नारळ सोलत होते. त्यांनी मान वर केली नाही.

हेरंब तांडेल हा त्यांचा जुना विद्यार्थी. हुशार, आणि आपण हुशार आहोत हे कधीही न विसरणारा. कॉलेजात असताना त्याने हीच कल्पना मांडली होती आणि सरांनी "अजून पिकलं नाही" म्हणून परत केली होती. तो घाव त्याने जपून ठेवला होता. आता यंत्र तयार होतं, उद्या हंगामाच्या पहिल्या फेरीला निघणाऱ्या सगळ्या होड्यांवर ते चढायचं होतं. मधे आडकाठी एकच. मच्छीमार सोसायटीचे लोक म्हणाले होते, निवृत्तीनंतर आमच्या उंडीवाडीच्या खाडीवर येऊन राहिलेल्या घोलपसरांनी मान डोलावली तर बांधू, नाहीतर नाही.

म्हणजे ज्याने नापास केलं, त्याच्याच दारात यायची वेळ. आला तोही नाक वर करूनच.

यंत्राचं काम साधं होतं. होडीवरची पेटी सारखी तीन गोष्टी किनाऱ्याला कळवत राहते: आत पाणी आलंय का, इंजिन चालू आहे का, होडी कललीय का. ठीक असेल तर लाटेचं चिन्ह वर, संकट असेल तर खाली. पण हवेतून, पाण्यावरून येताना ती लाट कधी क्षीण होते, कधी चक्क उलटी होते. वाटेने लाटेचं काय केलं, यालाच चॅनेलचा गेन म्हणतात. तो काढायला जुने लोक मधूनमधून ओळखीची चिन्हं पाठवत. काय पाठवलं ते आधीच ठाऊक, म्हणून काय होऊन आलं त्यावरून वाट कळते.

हेरंबने ती ओळखीची चिन्हं काढून टाकली होती. बंदरातून निघताना एकदा पाठवायची, बस्स. पुढे आलेल्या चिन्हांतली जी स्वच्छ, ठाम, खात्रीची असतील ती निवडायची आणि त्यांच्यावरूनच वाटेचा अंदाज करायचा. संशयाची चिन्हं बाजूला. वाचलेल्या बॅटरीवर पेटी जास्त दिवस जगते, आणि समुद्रात बॅटरी म्हणजे जीव, हे तांडेलाच्या पोराला कोणी शिकवायला नको होतं. त्याच्या सख्ख्या काकाचीच होडी उद्या सगळ्यांच्या पुढे निघणार होती.

हे सगळं त्याने सरांना ऐकवलं, जरा चढ्याच आवाजात.

"खात्रीची चिन्हं कोण ठरवतं?" सरांनी विचारलं.

"यंत्र."

"आणि वाट?"

"त्या चिन्हांवरून यंत्रच ठरवतं."

सर पुन्हा नारळ सोलू लागले.

"चुकलं असेल तर दाखवा. हातच्या काकणाला आरसा कशाला?"

सरांनी नारळ खाली ठेवला. हेरंबने आणलेली पेटी उचलली, धोतर खोचलं आणि आपल्या छोट्या होडीत जाऊन बसले. म्हाताऱ्याची हौस फिटू दे, असं म्हणून हेरंब ओट्यावर लॅपटॉप मांडून बसला. सर मूळचे दुष्काळी माणदेशातले, पण इंजिन सुरू करून त्यांनी होडी सराईतपणे खाडीत घातली.

पडद्यावर ठिपके उमटू लागले. एक थवा वर, खाली शुकशुकाट. सगळं ठीक.

खाडीच्या मधोमध काळा खडक आहे. सर त्याच्यामागे गेले तसे ठिपके विरळ झाले, विस्कटले, मग नाहीसेच झाले. हेरंब शांत होता. या परीक्षेची त्याने तयारी केली होती. जरा वेळाने होडी दुसऱ्या बाजूने बाहेर आली आणि ठिपके पुन्हा गोळा झाले. घट्ट थवा, एकही इकडेतिकडे नाही. यंत्राने त्यातले खात्रीचे निवडले, वाट पुन्हा ठरवली. पाणी नाही. इंजिन चालू. होडी सरळ.

"सर, सगळं ठीक," त्याने पडद्यावरची नजर न काढता हाक दिली. त्याला फार बरं वाटत होतं. इतक्या वर्षांचं उट्टं निघालं होतं.

मग त्याच्या ध्यानात आलं की खाडीत आवाजच नाही. पडद्यावर इंजिन चालू होतं.

त्याने मान वर केली.

होडी एका कुशीवर कलली होती. काठ पाण्याला टेकला होता आणि सर आत मांडी घालून बसले होते. हातात होडीच्या तळाचं बूच होतं.

हेरंबने कपड्यांनिशी उडी मारली. पोहता पोहता त्याला सगळं उमगलं, आणि उमगलं म्हणून राग आणखी चढला. सरांनी खडकाआडच इंजिन बंद करून बूच काढलं होतं, आणि तिथून पुढे लाट सरळ न येता खाडीपलीकडच्या कड्यावर आपटून उलटी होऊन येत होती. सगळी चिन्हं एकदम उलटी झाली, म्हणून एकमेकांशी तंतोतंत जुळली. जुळली म्हणून यंत्राला खात्रीची वाटली. संकटाची तिन्ही उत्तरं उलटी केली की होतं, सगळं ठीक.

तो पोचला तेव्हा होडी पाण्याने भरून बुडत चालली होती. सर तिच्या फळीला धरून होते. पाणी छातीच्या वर.

"हात द्या, सर."

सरांनी दिला नाही.

"यंत्र काय म्हणतं?"

"आधी हात द्या."

"यंत्र काय म्हणतं?"

"…सगळं ठीक."

"मग तू कशाला आलास?"

हेरंबच्या ओठांवर शिवी आली होती, ती त्याने खाऱ्या पाण्याबरोबर गिळली. त्याने सुनावलं की हा खडक तुम्ही मुद्दाम निवडलात, इथली लाट कशी वळते ते तुम्ही वर्षानुवर्षं बघताय, समुद्रात असे खडक वाटेवाटेला नसतात. पाणी सरांच्या हनुवटीला लागलं.

"हजारात एखादी होडी सापडेल अशी," हेरंब म्हणाला.

"कोणाची?"

काकाचं नाव त्याने घेतलं नाही. घ्यायची गरज नव्हती.

"एकही चिन्ह संशयाचं नव्हतं, सर. एकसुद्धा."

"नव्हतंच."

फळी आणखी खाली गेली. हरलो म्हणायचं नाही, एवढंच हेरंबने ठरवलं होतं, आणि तो वाकलाही नाही.

"नाही बांधत," तो ओरडला. "उद्या एकाही होडीवर नाही बांधत. ओळखीची चिन्हं परत घालतो, बॅटरी लवकर संपली तर संपली. पण तुम्ही म्हणता म्हणून नाही, हे सांगून ठेवतो. मी माझ्या डोळ्यांनी बघितलं म्हणून."

सरांनी हात पुढे केला.

"झकास. आता ओढ लेका, मला पोहता येत नाही."