मेण्याच्या पुढे

त्या राज्यातले धुके कधीच उठत नसे. सूर्य ताकात तरंगणाऱ्या लोण्याच्या गोळ्यासारखा उगवे आणि तसाच मावळे. हात लांब केला तर माणसाला स्वतःची बोटे दिसत, त्यापलीकडचे काही नाही. जे दिसत नाही ते हळूहळू आठवेनासे होई. सुतार रंधा उचलून उभा राही आणि कशाला उचलला हे त्याला उमगत नसे. दोन भाऊ बांधावरून भांडायला निघत आणि निम्म्या वाटेत एकमेकांचा हात धरून घरी परतत, कारण भांडण कशाचे तेच हरवलेले असे.

यावर उतारा एकच होता. वर्षातून एकदा गावोगाव एक मेणा फिरे आणि त्यात ती बसलेली असे. तिला नाव नव्हते. पडदा सारून जो तिच्याकडे पाही, त्याला त्याचे हरवलेले परत आठवे.

मेण्यापुढे एक भालदार चाले. त्याचे नाव मुख्य. काठी आपटून तो स्वतःचेच नाव पुकारी. “मुख्य!” त्या एका हाकेने धुके दुभंगे, वाट दिसे, आणि लोकांची नजर त्याच्या खांद्यावरून मागच्या मेण्याकडे जाई. भालदाराने मागे वळून पाहायचे नाही, असा रिवाज होता. त्यामुळे इतकी वर्षे चालूनही मुख्याने तिला कधी पाहिले नव्हते. पाठीशी मेणा वाहणाऱ्या भोयांचे हुंकार ऐकू येत, तेवढ्यावर त्याचे समाधान होते.

पुढे त्याचा आवाज बसू लागला, म्हणून धाकटे भाऊ मदतीला आले. प्रमुख रुंद छातीचा होता आणि त्याची हाक भांड्यांत घुमे. अग्रगण्याला कोणाच्या मागून चालणे जमत नसे. तो सगळ्यांच्या पुढे, धुक्यात दिसेनासा होईपर्यंत जाई. सर्वोच्च बांबूच्या उंच पायांवर चाले आणि त्याची हाक ढगातून आल्यासारखी येई. लोकांना हे फार आवडले. ते भालदारांना हार घालू लागले, लग्नात नेऊ लागले. कोणी लोणच्याच्या बरणीपुढे अग्रगण्याला ओरडायला लावले, कोणी आपल्या जावयापुढे सर्वोच्चाला. भाऊ कुणाला नाही म्हणत नसत. होता होता धुके निगरगट्ट झाले. एका हाकेने फाटेनासे झाले, म्हणून सगळे एकदम ओरडू लागले, आणि एकदम ओरडताना पुढे कोण यावरून त्यांची रोज जुंपू लागली.

अशीच बाचाबाची करत ते एका गावात शिरले. नगारा वाजला, फुले उधळली गेली. गर्दीतून सगुणा नावाची बाई वाट काढत मुख्यापाशी आली.

“दादा, मी वर्षभर वाट बघितली,” ती म्हणाली. “रोज जेवताना मी एक ताट जास्तीचं वाढते. भात निवून जातो. ते ताट कुणाचं, तेवढं मला बघायचंय.”

“आम्ही आलो आहोत ना, बाई,” प्रमुख मध्येच म्हणाला.

“तुम्ही आलात, ते दिसतंय,” सगुणा म्हणाली. “तुम्ही मुख्य, हे प्रमुख. पण मुख्य काय?”

मुख्याने उत्तर द्यायला तोंड उघडले. मागचा हुंकार ऐकू यावा म्हणून तो क्षणभर थांबला. हुंकार नव्हता. कधीपासून नव्हता, तेही त्याला सांगता येईना. आयुष्यात पहिल्यांदाच त्याने मान वळवली. मागे नुसते पांढरे होते.

“मेणा कुठाय?” त्याने भावांना विचारले.

“येईल की मागून,” अग्रगण्य धुक्यातून ओरडला. “पुढचं गाव खोळंबलंय. चला!”

भाऊ निघाले आणि गाव वेशीपर्यंत त्यांच्यामागे गेले. मुख्य उलट दिशेने चालू लागला. आपल्याच पावलांच्या खुणा चाचपत तो कितीतरी गावे मागे गेला. हार वाळून त्याच्या गळ्यातून गळून पडले. शेवटी नदीच्या उताराशी त्याला मेणा सापडला. ओल्या वाळूत टेकवलेला. शेजारी राणू भोई सुजलेला पाय पाण्यात सोडून बसला होता आणि बाकीचे भोई झोपले होते.

“राणोजी, हाक का नाही मारलीत?”

“मारली की. घसा कोरडा पडेस्तोवर मारली,” राणू म्हणाला. “तुम्ही सगळे ओरडत होता.”

पडदा वाऱ्याने हलला. आत पाहावेसे त्याला फार वाटले, पण हात पुढे होईना. “ती... बरी आहे ना?” त्याने विचारले.

“बसलीय. लोकांची वाट बघतीय.”

राणूला चालवत नव्हते. मुख्याने आपली चांदीची काठी त्याला टेकायला दिली आणि त्याच्या जागी दांडीला खांदा दिला. ओझे असे की श्वास पुरेना; मग पुकारायचे कुठले? त्याच्या तोंडून भोयांबरोबर हुंकार तेवढा निघू लागला. त्या हुंकाराच्या ठेक्यावर मेणा सावकाश, तळ्यावरून पान सरकावे तसा धुक्यातून सरकत राहिला.

सगुणा वेशीतच उभी होती. तिने पडदा सारला आणि आत पाहिले.

“अगंबाई, माझी लेक, वत्सला!” ती पुटपुटली. “आमचं भांडण झालं, मीच तिला जा म्हटलं...” पुढचे तिने कोणाला सांगितले नाही. पदर खोचून ती नदीच्या वाटेने पळत सुटली.

तिला पळताना पाहून शेजारीण आली, मग सुतार, मग बांधावरून भांडणारे ते दोघे भाऊ आणि त्यांच्या बायका. दूर कुठेतरी ढगातून सर्वोच्चाची हाक येत होती, दर हाकेला बारीक होत होती. इकडे कोणी ओरडत नव्हते. मेण्याच्या दाराशी दाटी झाली. मुख्य चौकटीला टेकून धापा टाकत होता, आणि आत डोकवायची घाई झालेल्या एका म्हाताऱ्याने, तो कोण हे न बघताच, आपल्या वहाणा त्याच्या हातात दिल्या.

“धर रे जरा,” म्हातारा म्हणाला.

मुख्याने त्या छातीशी धरल्या, आणि मागच्यांना वाट मिळावी म्हणून तो अंग चोरून बाजूला सरकला.