सगुणा उठणार नाही

माळाच्या टोकाला, पळसाच्या केशरी फुलांखाली, आठ वर्षांची सगुणा मोळी बांधत होती. फ्रॉकला सात ठिगळं, आणि अनवाणी पायांची काट्यांनी पार चाळण झालेली. मोळी विकली तरच मायलेकींची चूल पेटायची.

शिरीषाच्या वाळक्या ओंडक्यावर तिने कोयता उगारला, तोच आतून आवाज आला. कुर्र... कुर्र...

"थांब गं बाळ!" ओंडक्यावर बोटभर उंचीची परी उभी होती. तिचे हिरवे, निळे, सोनेरी पंख लखलखत होते. "आत सोनकिड्यांची पिल्लं आहेत. दोन वर्षं वाळकं लाकूड खातात, तेव्हा कुठे त्यांना पंख फुटतात. मुलांनी सोनकिडे आगपेटीत कोंडले, मोठ्यांनी वाळकी झाडं जाळली. आता साऱ्या माळावर हा एकच ओंडका उरलाय."

सगुणाने कोयता खाली ठेवला. "पन आज होळी हाय! पाटीलकाका ह्योच न्यायला येनार!"

"त्यांना अडवणं माझ्या हातात नाही. पण तू कोयता ठेवलास, म्हणून तुझी एक इच्छा पुरवीन. नियम एकच. स्वतःसाठीच मागायचं."

"ह्यो कसला मेला नियम!" सगुणा चिडली. लाल, चिमुकल्या चपला मागाव्यात? पाय तर ठणकतच होते. तेवढ्यात गावाकडून होळीची हलगी वाजली. सगुणाने ओंडक्यावर फतकल मारली. "माझ्यासाठीच मागते. होळी पेटेस्तवर मला हितनं कुनालाबी उठवता येऊ नये!"

परी खुदकन हसली.

पाटील दहा गडी घेऊन आले. "ऊठ पोरी, होळीचं लाकूड हाय त्ये."

"न्हाई उठनार!"

दोघांनी ओढलं, चौघांनी ओढलं. शेवटी दहाही जण धपकन मातीत बसले. सगुणा तसूभरही हलली नाही.

"अगं, होळी बारकी झाली तर लोक काय म्हनतील?"

"म्हनू देत! माझी मोळी न्या. पन ह्यात जीव हाईत. कान लावून बघा!"

पाटलांनी कुरकुरत कान लावला. कुर्र... कुर्र... ते उठले. मोळी उचलून निघून गेले.

गावात होळी पेटली, बारकीशीच. सगुणाच्या घरची चूल मात्र आज पेटणार नव्हती. ती उठायला गेली, तर पायाशी लाल चपला होत्या आणि पळसाच्या पानावर दोघींपुरत्या गरम पुरणपोळ्या.

"हे मागितलं नाहीस, म्हणून आणलं," परी म्हणाली, आणि सोनेरी उजेडात विरघळून गेली.

पावसाळ्यात त्या ओंडक्यातून झगमगणारे सोनकिडे बाहेर पडले; धाकटी पिल्लं अजून आतच होती. पुढच्या होळीला सगुणा पुन्हा तिथेच फतकल मारून बसली. या वेळी परी नव्हती, इच्छाही नव्हती. पाटील आले, त्यांनी वाकून ओंडक्याला कान लावला.

"सरक जरा," म्हणाले, आणि तिच्या शेजारी बसले.