हौसाची शीळ

पांघरुणं ओढा बघू. पम्या, तिला चिमटे काढू नकोस. हं, तर एकदा काय झालं, माळावरच्या एका गावात हौसा नावाची पोर जन्मली. ती आधी रडलीच नाही, बाई! ओठांचा चंबू केला आणि शीळच घातली. तशी दारातल्या पिंपळाची पानं सळसळायला लागली. हौसानं शीळ घातली की वारा यायचा, बरं का.

आईबापांना कोण कौतुक! हौसालाही वाटायचं, आपल्याला काय शिकायचंय? देवानंच दिलंय की.

मग सुगी आली. खळ्यावर ज्वारीची मळणी झाली, पण उफणायला वाराच नाही! वारा असला तर सुपातून सोडलेलं भूस उडतं आणि दाणे पायाशी पडतात. वारा नाही, तर बसा हात चोळत. हौसा पुढं झाली, छाती भरून शीळ घातली. अगं बाई! भूस गेलं, दाणे गेले, पाटलांचं पागोटंसुद्धा गेलं! गावाचं सगळं पीक काट्याकुट्यांत. हसताय काय? त्या वर्षी लोकांनी कण्या खाऊन दिवस काढले.

पाटील कडाडले, "ए पोरी! पुन्हा शीळ ऐकू आली तर गावाबाहेर काढीन."

हौसा ढसाढसा रडली. शीळ सोडायची म्हणजे तिचा जीवच जायचा. आई म्हणाली, "देवानं दिलं, पण वळण आपणच लावायचं असतं, बाळे. वाऱ्याच्या आईकडं जा. शिकून ये."

मग हौसा डोंगर चढून गेली. वाऱ्याची आई म्हातारी, पण भारी खमकी. तिनं समई लावली. "शीळ घाल. ज्योत वाकली पाहिजे, विझता कामा नये." फूं! विझली. "पुन्हा." विझली. "पुन्हा." हौसाचे ओठ फुटले, तेव्हा कुठं ज्योत वाकली आणि तेवत राहिली. मग म्हातारीनं सावरीचा कापूस हवेत सोडला. "हा उडून जायचा नाही, खालीही पडायचा नाही." त्यात अख्खा पावसाळा गेला. मग तिनं पाळणा दाखवला. पाळण्यात झुळूक, वाऱ्याची धाकटी बहीण. "हिचं जावळ हललं पाहिजे, झोप मोडता कामा नये." झुळूक जागी व्हायची, भोकाड पसरायची, आणि हौसालाच तिला थोपटत बसावं लागायचं. एकदा तर कंटाळून पोरगी अर्धा डोंगर उतरली होती! पण परत फिरली. गुणाची गं माझी ती. मग एका सकाळी जावळ हललं आणि झुळूक झोपेतच हसली. म्हातारी म्हणाली, "जा आता."

हौसा गावात आली, तर खळ्यावर सगळे रडकुंडीला आलेले. ज्वारीची रास पडलेली, वारा ठार बंद, आणि डोंगरामागून काळे ढग वर चढत होते. अवकाळी पाऊस पडला की दाण्यांना मोड येणार, गाव पुन्हा उपाशी. हौसानं पदर खोचला. पाटील काठी घेऊन धावले.

"पाटील, एकदा ऐका. चुकलं तर मीच गाव सोडीन," हौसा म्हणाली.

आणि तिनं शीळ घातली. हलकी, लांब, कुठं न तुटणारी. वारा आला, अगदी बेताचा. भूस पलीकडं, दाणे अलीकडं! ओठ सुजले, दम लागला, पण हौसा थांबली नाही. शेवटचं पोतं घरात गेलं आणि मगच पहिला थेंब पडला.

खळ्यावरचं पहिलं सूप देवाचं असतं. दुसरं पाटलांच्या मानाचं. ते दुसरं सूप डोक्यावर घेऊन पाटील स्वतः हौसाच्या दारी आले. म्हणाले, "हौसाबाई, हा मान इथून पुढं तुमचा."

मग काय विचारता! लांबलांबच्या गावांहून हौसाबाईला न्यायला गाड्या यायच्या. तिची आई आल्यागेल्याला सांगायची, "माझी लेक हो!" गाव पोटभर जेवलं, हौसाबाई सुखानं नांदली.

चला, मिटा डोळे. आणि पोरींनो, उद्या खुशाल शीळ घाला. कुणी काही बोललं, तर माझं नाव सांगा.