नागाईचा दोर

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. किती वर्षांपूर्वीची ते मला विचारू नका, मी तेव्हा नव्हते आणि तुमच्या आज्याही नव्हत्या. कुंडी नदीवर तेव्हा पूल नव्हता. पलीकडच्या डोंगरातली लेणी मात्र होती. आज तिथे वटवाघळं आहेत, तेव्हा भिक्खू राहत. एरवी ते स्वतः पात्र घेऊन आपल्या हातळे गावात भिक्षेला येत, पण आषाढी पौर्णिमेला वर्षावास, म्हणजे पावसाळाभर एकाच जागी राहणं, सुरू झाला आणि नदी भरली की गाव त्यांच्याकडे जाई. रोज एका घराची पाळी असे. सूर्य माथ्यावर यायच्या आत जेवण पोहोचायला हवं, कारण त्यानंतर भिक्खू जेवत नाहीत.

आता भरल्या नदीतून जायचं कसं? तर अलीकडच्या उंबरापासून पलीकडच्या खडकापर्यंत एक जाड दोर बांधलेला असे. डोक्यावर भाकऱ्यांचं गाठोडं, हातात दोर, कमरेला पाणी, आणि तोंडाने बुद्धं सरणं. असं लोक जात. तो दोर दरवर्षी नवा करायचा, अंबाडीच्या वाखाचा, म्हणजे तिच्या सालीच्या धाग्यांचा. आणि तो वळायची नागाई. हसू नका रे मागे! तुमच्या मोटारसायकली आहेत म्हणून हसता. त्या दोरावर या गावाचा जीव होता.

नागाईच्या घरी दोर वळायचं काम आधी तिचा नवरा करायचा. सोमा त्याचं नाव. एका पावसाळ्यात सोमा आणि शेजारचा भोजा जोडीने जेवण घेऊन पलीकडे निघाले. मधोमध गेले आणि वरून लोंढा आला. भोजा परत आला. सोमा आला नाही. लोक कुजबुजले की सोमाचा हात भोजाच्या हातात होता आणि भोजाने तो सोडला. भोजा हो म्हणाला नाही, नाही म्हणाला नाही. त्याने नदीत पाय टाकायचंच बंद केलं. त्याच्या घराची पाळी आली की मुलगा जाई.

आणि नागाई? काय सांगू तुम्हाला. तिने वाख हातात घेतला, पोटासाठी घेतला, पण तिची भाकरीची चव गेली. झोप गेली. कोंबडी अंगणात आली तरी तिच्याशी भांडे. भोजाच्या घरावरून जायला नको म्हणून पाण्याला लांबच्या वाटेने जाई. सगळं गाव तिला घाबरून असे.

शेवटी ती लेण्यात गेली. तिथे रेवत नावाचे वयोवृद्ध भंते होते. ती म्हणाली, भंते, काहीतरी म्हणा, पाणी शिंपडा, पण माझ्या छातीतलं हे जळणं थांबवा. भंत्यांनी काही म्हटलं नाही आणि शिंपडलंही नाही. त्यांनी विचारलं, दिवसभर काय करतेस? ती म्हणाली, काय करणार, खुंट्याला दोराचं टोक बांधते, कमरेला वाख गुंडाळते आणि वळत वळत उलटी चालते.

भंते म्हणाले, "मग तिथेच कर. लेण्यात यायला नको. वाखाची एक एक मूठ दोरात घालशील तेव्हा एकेकाचं नाव घे आणि म्हण, सुखी असो. पहिलं नाव तुझं. राग आला तर त्याला हाकलू नकोस. हा राग आहे, एवढं म्हण, एक श्वास घे आणि पुढची मूठ घाल."

नागाईला वाटलं, म्हातारा थट्टा करतोय. पण दुसरं काही सुचत नव्हतं. दुसऱ्या दिवशी तिने खुंट्याला टोक बांधलं आणि म्हणाली, नागाई सुखी असो. म्हणताना तिला इतकी लाज वाटली की तिने आजूबाजूला पाहिलं, कुणी ऐकलं का म्हणून! मग गल्लीतल्या पहिल्या घराचं नाव घेतलं. मग दुसऱ्या घराचं. मन पळे, ती परत आणी. राग येई, ती म्हणे हा राग आहे, आणि पुढची मूठ घाले. असा पावसाळा गेला, हिवाळा गेला.

एके दिवशी ती भाकरी खात होती आणि घास तोंडातच धरून थांबली. चव लागत होती! नाचणीची साधी भाकरी, बरोबर मीठ. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. मग हळूहळू सगळंच परत आलं. पाण्याचा गारवा, वाखाचा वास, हसू. बायका उगाच तिच्या अंगणात येऊन बसायला लागल्या. असं म्हणतात, तिच्या दोरीने टांगलेल्या झोळीत रडकं पोर टाकलं की ते झोपून जाई. असं म्हणतात, मारकी गाय तिच्या दाव्याला बांधली की शांत उभी राही. तुम्हाला पटत नसेल तर नका पटवून घेऊ, माझ्या आईने मला सांगितलं आणि मी तुम्हाला सांगते.

पण एक गोष्ट तिने कुणाला सांगितली नव्हती. गल्लीतली घरं ओळीने घेत गेलं की भोजाचं घर येतं. तिथे आली की नागाई गप्प होई. एक मूठ नुसतीच घाली, आणि पुढच्या घराचं नाव घेई. त्या एका ठिकाणी पीळ बसत नसे. कितीही वळा, बोटांखाली दोर मऊच लागे. मग तिने काय करावं? वरून बारीक सुतळीची गुंडाळी केली, घट्ट, सुबक, की पाहणाऱ्याला वाटावं नक्षीच आहे. दरवर्षी तसंच. लोक उलट कौतुक करायचे. पावसाळे साधे गेले, दोर टिकला, आणि नागाईला वाटलं, एवढं चालतं.

मग तो पावसाळा आला. कुंडी अशी फुगली की उंबराची मुळं पाण्यात गेली. दोन दिवस कुणी पलीकडे जाऊ शकलं नाही. भिक्खू उपाशी, आणि रेवत भंते तापाने आडवे झालेले. तिसऱ्या सकाळी पाऊस थोडा थांबला. पाळी होती भोजाच्या घराची. मुलगा बैल घेऊन घाटावर गेलेला. लोक काठावर उभे राहून एकमेकांची तोंडं बघत होते, तेवढ्यात म्हातारा भोजा घरातून गाठोडं घेऊन आला. गाठोडं डोक्यावर बांधलं, दोर धरला आणि पाण्यात उतरला.

नागाई तिथेच होती, उंबराशी. तिला ती जागा माहीत होती. थांब, एवढाच शब्द म्हणायचा होता. तो तिच्या जिभेवर आला आणि तिने तो गिळला. भोजा तिच्यासमोरून गेला, गुंडाळीवर हात ठेवून पुढे गेला, आणि ती गप्प उभी राहिली. बाकी कुणाला काही कळलं नाही. पण तिला कळलं.

भोजा नदीच्या मध्यावर पोहोचला आणि त्याच्या वजनाने, पाण्याच्या ओढीने गुंडाळी उसवायला लागली. सुतळी सुटली. आतला मऊ दोर उघडा पडला. एक पेड तुटला. काठावर बायका ओरडल्या. भोजाने मागे पाहिलं, आणि तो जागच्या जागी थिजला. पाणी छातीला लागलं होतं. पुढे जाववेना, मागे येववेना.

नागाईच्या छातीत काय चाललं असेल, विचार करा. ज्याने नवऱ्याचा हात सोडला असं ती रात्रंदिवस धरून बसली होती, तो तिच्याच दोराला लोंबकळत होता. आणि तिला काहीसुद्धा करायची गरज नव्हती. नुसतं उभं राहिलं की झालं. ती स्वतःशी म्हणाली, हा राग आहे. श्वास घेतला. पुन्हा म्हणाली, हा राग आहे. मग तोंडाने म्हणाली, भोजा सुखी असो. दोराचा दुसरा पेड तुटला. तोंडाने म्हणून पीळ बसतो होय, बाळांनो? तिलाही ते कळलं असावं, कारण तिने पदर खोचला आणि ती पाण्यात उतरली.

ती तुटक्या जागेपाशी गेली. कमरेला नेहमीसारखा वाख होताच. दोराच्या दोन्ही बाजू तिने मुठींत धरल्या, उरलेल्या एका पेडावर वाखाची मूठ घातली आणि वळायला लागली. भोजा सुखी असो. पुन्हा मूठ. भोजा सुखी असो. असं म्हणतात, कमरेचा वाख संपला तेव्हा तिचे केस सुटले आणि तेच दोरात वळले गेले. असं म्हणतात, पाणी तिच्या अंगावर येई आणि दोन्ही बाजूंनी वळसा घालून जाई. दोर ताठ झाला. ती ओरडली, "भोजा, जा! धरलाय मी." आणि भोजा गेला. गाठोडं पोहोचवलं, भंत्यांच्या तोंडात पेजेचे घोट घातले, आणि सूर्य माथ्यावर यायच्या आत परत फिरला. तो येईपर्यंत ती पाण्यात तशीच उभी होती.

परतताना भोजा तिच्यापाशी थांबला. दोघं छातीएवढ्या पाण्यात, एकाच दोराला धरून. तो म्हणाला, "नागाई, सोमाचा हात माझ्या हातात होता. मी सोडला. मला वाटलं, मीही जाईन. तेव्हापासून मी एक दिवस सुखाने जेवलो नाही."

काठावरचे लोक सांगत, नागाई रडत होती. मग म्हणाली, "आज सकाळी मला माहीत होतं, दोर कुठे तुटेल ते. तुला सांगितलं नाही. मीही तुला सोडलं होतं, भोजा. चल वर, अंग काकडलंय तुझं."

तिने त्याला आपल्या चुलीपाशी बसवलं आणि गरम भाकरी दिली. भोजाने पहिला घास खाल्ला आणि हमसून हमसून रडला. ताप उतरल्यावर रेवत भंते गावात आले तेव्हा नागाईने त्यांचे पाय धरले. म्हणाली, भंते, तुमचे उपकार फेडायचे कसे? भंते म्हणाले, भोजाच्या घरी विचार, त्याला दोर वळायला शिकायचंय. त्यानंतर उलटी चालणारी दोन माणसं गावाने रोज पाहिली, आणि दोराला पुन्हा कधी गुंडाळी लागली नाही.

नागाई खूप म्हातारी झाली. असं म्हणतात, एका आषाढी पौर्णिमेला ती दोर वळत उलटी चालत निघाली आणि थांबलीच नाही. गल्ली संपली, उंबर मागे पडला, नदी आली, ती पाण्यावरून तशीच उलटी चालत गेली, गावाकडे तोंड करून, एकेकाचं नाव घेत. खुंट्यापाशी भोजा टोक धरून बसला होता. त्याला शेवटपर्यंत हळू ओढ लागत होती. मग ओढ थांबली. लोक पलीकडे गेले तेव्हा खडकाला दोर बांधलेला होता, घट्ट, आणि तिथे कुणी नव्हतं.

आता पूल झाला. दोराने नदी ओलांडायची कुणाला गरज नाही. तरी दर आषाढी पौर्णिमेला आपण सगळे विहारासमोर वाख घेऊन जमतो. लहान-मोठे, सगळे. प्रत्येकाने आपली मूठ घालायची आणि पहिलं नाव घ्यायचं ते ज्याच्याशी आपलं बोलणं नाही त्याचं. मनात घेतलं तरी चालतं. पण घेतल्याशिवाय पुढच्याच्या हातात दोर द्यायचा नाही, आणि मागच्यांनी घाई करायची नाही. कुणी चल चल म्हणत नाही. कुणी काय झालं विचारत नाही. मागे एकदा वरच्या आळीतला दगडू भावाच्या नावापाशी अडला. वाटणीवरून बिनसलं होतं दोघांचं. तो दोर धरून उभा राहिला, आणि सगळं गाव त्याच्यामागे उभं राहिलं. ऊन चढलं, पेज निवली, पोरं पेंगली. त्याचा भाऊ रांगेत मागे होता, तोही उभा. दुपार कलायला लागली तेव्हा दगडूचे ओठ हलले आणि त्याची मूठ दोरात गेली. तेव्हा आपण जेवलो. निवलेली पेज होती ती, पण तुम्ही कुणालाही विचारा, तशी गोड पेज या गावाने पुन्हा खाल्ली नाही.