ठमीचा दोर

एक होतं नौदलाचं बंदर. तिथे राहायची ठमी. ठमी म्हणजे इवलीशी टगबोट. मोठमोठ्या जहाजांना दोर बांधायची आणि ओढत आणायची. भक भक भक!

एकदा ठमीनं एका मोठ्ठ्या जहाजाला समुद्रात सोडलं. जहाज लांब लांब गेलं. बंदराची रीत अशी, की जिनं सोडलं, तिनंच आणायचं. ठमी रोज वाट बघायची.

आणि आज जहाज दिसलं! पार तिकडे, बोटाएवढं. ठमी घाईघाईनं निघाली. अगंबाई! दोर पडला पाण्यात. डुबुक! अडकला नांगराखाली.

"नांगरदादा, नांगरदादा, ऊठ ना! दोर सुटत नाही, जहाज येत नाही."

नांगर म्हणाला, "मी जडशीळ. साखळीताई ओढेल, तर उठेन."

भक भक भक!

"साखळीताई, साखळीताई, ओढ ना! दादा उठत नाही, दोर सुटत नाही, जहाज येत नाही."

साखळी म्हणाली, "मी एकटी? क्रेनकाका खेचतील, तर ओढेन."

भक भक भक!

"क्रेनकाका, क्रेनकाका, खेचा ना! ताई ओढत नाही, दादा उठत नाही, दोर सुटत नाही, जहाज येत नाही."

क्रेनकाका म्हणाले, "कुईऽऽ! मान आखडली गं. हसनचाचा तेल घालतील, तर खेचेन."

भक भक भक!

"हसनचाचा, हसनचाचा, तेल घाला ना! काका खेचत नाहीत, ताई ओढत नाही, दादा उठत नाही, दोर सुटत नाही, जहाज येत नाही."

चाचा म्हणाले, "बेटी, हात गारठलेत. सगुणाक्का चहा देईल, तर घालेन."

धक्क्यावर होती सगुणाक्काची टपरी. भक भक भक!

"सगुणाक्का, सगुणाक्का, चहा कर ना! चाचा तेल घालत नाहीत, काका खेचत नाहीत, ताई ओढत नाही, दादा उठत नाही, दोर सुटत नाही, जहाज येत नाही."

सगुणाक्का समुद्राकडे बघत बसली होती. म्हणाली, "कसला चहा गं? माझा लेक दिगू त्या जहाजावर. किती दिवस झाले! हातच चालत नाही बघ. जहाजाचा आवाज ऐकू येईल, तर करीन."

जहाज तर किती लांब! ठमीलाही तोच आवाज हवा होता. तिनं शिट्टी वाजवली. पूंऽऽ!

काहीच नाही. नुसतं पाणी. चुबुक चुबुक.

ठमीनं पुन्हा वाजवली. पूंऽऽऽऽ!

आणि लांबून, अगदी लांबून आलं, "भोंऽऽऽऽ!"

"आला गं बाई माझा दिगू!" अक्का उठली.

अक्कानं चहा केला. फुर्र फुर्र! चाचांनी तेल घातलं. टप टप! काकांनी खेचलं. कुई कुई! ताईनं ओढलं. खळ खळ! दादा उठला. हुश्श! दोर सुटला. सर्रर्र!

ठमी धावली. भकभकभकभक! जहाजाला दोर बांधला.

जहाज म्हणालं, "ठमे, तू बारीक झालीस का गं?"

"छे! तूच फार लांब गेलं होतंस."

धक्क्यावर अक्का किटली घेऊन उभी. डेकवरून दिगू हात हलवतोय. ठमी जहाजाला खेटून चालली. मुद्दाम हळू, अगदी हळू. भक... भक... भक...

जहाज लागलं धक्क्याला, गोष्ट लागली काठाला.