अण्णांचा विसावा

"पण उस्ताद, इंजिनानं दबायचं का? तेवढं सांगा!"

यशोधन विचारत नव्हता, ओरडत होता.

श्रीपती उस्ताद लोखंडी स्टुलावर बसून होते. पुढ्यात ट्रे. ट्रेमध्ये यशोधनच्या गाडीच्या गिअरबॉक्समधून काढलेलं तेल... डांबरासारखं काळं.

उस्तादांचं गॅरेज कोल्हापूरबाहेर, हायवेला. ऑटोमॅटिक गिअरबॉक्स उघडावा तर त्यांनीच. जळक्या तेलाच्या वासावरून त्यांनी म्हणे एकदा सांगितलं होतं, की गाडीचा मालक बायकोशी भांडून आलाय. हे मी शपथेवर सांगतो, कारण मी तिथे नव्हतो.

यशोधन त्यांचा सगळ्यांत हुशार चेला. ते त्याला कोणी सांगावं लागत नसे. रविवारी जुन्या धावपट्टीवर शर्यत होती, आणि उस्तादांच्या होकाराशिवाय त्यांच्या चेल्यानं शर्यतीत उतरायचं नाही, असा रिवाज.

ऑटोमॅटिक गाडी गिअर बदलते तेव्हा आत एक क्लच सुटतो, दुसरा धरतो. त्या मधल्या क्षणापुरता गाडीचा कॉम्प्युटर इंजिनाचा जोर आवरतो. यशोधनने लॅपटॉप जोडून हे आवरणंच काढून टाकलं होतं. गिअर बंदुकीच्या गोळीसारखे पडत. आणि गिअरबॉक्स जळत. हा दुसरा.

"सहाशे घोडे आहेत बॉनेटखाली," तो म्हणाला. "त्यांनी दर गिअरला मान खाली घालायची? क्लच जास्त मजबूत टाकू की!"

उस्तादांनी तेलात बोट बुडवलं. अंगठ्यावर चोळलं.

"बोला ना. की उत्तरच नाही?"

उस्तादांनी ट्रे पायानं बाजूला सारला.

"बरं, रविवारी हो की नाही, एवढं तरी?"

उस्ताद उठले. फडक्याला हात पुसले.

"चल. अण्णाला न्यायचंय."

"कुठं? दवाखान्यात?"

"खांदा दे."

तेव्हा कुठे यशोधनला दिसलं. शटर अर्धं खाली होतं. मागे, घराच्या दारात, माणसं मुकाट बसली होती.

अण्णा म्हणजे उस्तादांचे थोरले भाऊ. यशोधनच्या हातात पहिला पाना त्यांनीच दिला होता. ते पहाटे गेले होते, आणि हा इतका वेळ त्यांच्या उशाशी इंजिनाची बाजू मांडत होता.

तो लाजला, मग त्या लाजेचाही त्यानं जोर केला. तिरडीच्या पुढच्या टोकाला खांदा लावला तो असा, की बाकीच्या तिघांना नुसतं चालायचं काम उरलं. असंच चाललं असतं तर अण्णांनाही पाय उचलावे लागले असते.

ओढ्याच्या अलीकडे विसाव्याची जागा आहे. तिथे तिरडी खाली टेकवतात. पुढचे मागे होतात, मागचे पुढे. मग उचलतात.

"टेकवा रं," मागून धोंडीकाका म्हणाले. काकांचं वय अण्णांएवढंच.

"टेकवायचं कशाला? मी धरलंय ना! चालता चालता बदला, काका."

"अरं, दम खा की जरा..."

तो थांबला नाही. काकांनी खांदा काढला होता, दुसऱ्याचा अजून लागायचा होता... आणि पुढून ओढ तेवढीच.

काका गुडघ्यावर आले. तिरडीची मागची बाजू दाणकन आदळली. सुतळी सुटली. अण्णांचा हात बाहेर आला आणि मातीत पडला.

उस्ताद विस्तवाचं मडकं घेऊन पुढे चालत होते. ते परत आले. वाकून मोकळ्या हातानं त्यांनी भावाचा हात उचलला, वरची माती फुंकली, आत ठेवला.

"बांधा," एवढंच म्हणाले.

चिता पेटली. माणसं पांगली. ओढ्याच्या काठावर उस्ताद बसले, त्यांच्याजवळ यशोधन. थोडं अंतर सोडून.

"उस्ताद... माझा खांदा जराही ढळला नव्हता."

"पाहिलं मी."

"सगळी ताकद लावली होती मी. अण्णांसाठीच लावली होती..."

त्यानं बाहीनं डोळे पुसले.

"रविवारी... होकार आहे का, उस्ताद?"

उस्ताद धुराकडे पाहत राहिले.

"मेलेल्यालाही सोसली नाही ती ताकद, पोरा."