मडक्याचे दिवस भरलेत म्हणणारा धनगर

फार जुन्या काळची गोष्ट. तेव्हाच्या राजाचं नावसुद्धा आता कुणाला आठवत नाही. ऐका पोरांनो, आणि थोरांनो, तुम्ही तर कान देऊन ऐका, कारण असला वेडेपणा पोरं करत नाहीत.

एका माळावर एक धनगर राहायचा. घरात म्हातारी आई आणि आईविना पोरकी झालेली तान्ही लेक. कळपात दुधाची मेंढी एकच होती, ठिपकी. बाकी साऱ्या गाभण नाहीतर भाकड. त्या ठिपकीच्या दुधावर लेकरू जगत होतं.

एकदा बाजारात एक मडकेवाला येऊन बसला. मडक्यात दहा खडे, नऊ काळे आणि एक तांबडा. एक मेंढी लावायची आणि न बघता खडा काढायचा. तांबडा निघाला तर लावलेली धरून नऊ मेंढ्या मिळायच्या, काळा निघाला तर लावलेली गेली. मग खडा परत आत टाकून मडकं खळखळा हलवायचं.

"माझ्याकडे लबाडी नाही बाबा," मडकेवाला म्हणाला. "येणाऱ्या दहा मेंढ्यांतल्या नऊ मी परत देतो. एक माझ्या पोटाला."

आणि तो खरं बोलत होता, हेच तर वाईट!

धनगराला वाटलं, दहा लावल्या तर नऊ घरी येणार, बुडून बुडून बुडेल ती एक. त्याने खडा काढला. काळा. पुन्हा काळा. शेजारच्या तेल्याला तांबडा लागला, तो नऊ मेंढ्या हाकत निघून गेला. धनगराला मात्र काळाच.

दुसरा कुणी उठला असता. पण याचा सारा जन्म मेंढ्यांमागे गेलेला. गाभण मेंढी आज नाही तर उद्या विणारच, एवढंच त्याला ठाऊक. "मडक्याचे दिवस भरत आलेत," असं म्हणत तो लावत गेला. कळप संपला तेव्हा तो ठिपकीला न्यायला घरी आला.

म्हातारी दारात आडवी उभी राहिली. "मेंढीच्या पोटात कोकरू असतं रे मुडद्या! मडक्याच्या पोटात दगड आहेत. तू किती हरलास ते त्यांना काय ठाऊक?"

"आई, आता तांबडाच निघणार!" त्याने तिला बाजूला सारलं.

काळा निघाला.

धनगर मडकेवाल्याच्या अंगावर धावला. "दहातल्या नऊ परत देतो म्हणालास ना?"

"दिल्या की! तेल्याला दिल्या. तुलाच देईन असं कधी म्हणालो?"

मडकेवाल्याने आपल्या वाट्याला आलेल्या मेंढ्या, ठिपकीसकट, खाटकाला विकून टाकल्या. म्हातारी तेल्याच्या दारी धावली, तर जिंकलेल्या नऊही त्याने त्याच मडक्यापायी घालवल्या होत्या. दिवस कडक उन्हाळ्याचे, गावात कुणाकडे दुधाचा थेंब नव्हता. लेकरू आधी खूप रडलं, मग त्याचं रडणंही थांबलं.

लेकीला मातीत ठेवून धनगर उठला, तेव्हा बाजारातून मडक्याची खळखळ ऐकू येत होती.

तात्पर्य एवढंच: दगडाला तुमची हार आठवत नसते, आणि दहातले नऊ परत येतात ते साऱ्या बाजाराला मिळून, तुमच्या एकट्याच्या घरी नव्हे.